पित्ताची गोळी नेमकी कशासाठी?

परभणीत बसस्टँडच्या रस्त्यावर माझ्या एका मित्राचं मेडिकल आहे. शाळा सुटली की तासभर मी तिथल्या स्टुलावर टेकतो. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तिथं फुकटात जेवढं शिकायला मिळतं, तेवढं पुस्तकात मिळत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक गिऱ्हाईक येतं आणि एकच मागणी करतं, "पित्ताची गोळी द्या बरं एक."

मित्राचा प्रश्न ठरलेला. "जळजळायलंय, खाजायलंय का डोकं धरलंय?"

तिन्ही उत्तरांना गोळी वेगळी. छातीत जळजळ झाली तरी पित्त, अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्त, अर्धं डोकं ठणकून उलटी झाली तरी पित्तच. आपल्या मराठीत या एका शब्दानं तीन दुखणी अंगावर घेतली आहेत. गंमत अशी की शरीरात पित्त नावाचा जो खरा द्रव आहे, त्याचा या तिन्हींशी जवळजवळ काहीच संबंध नाही.

मग खरं पित्त कुठं असतं? ते यकृतात तयार होतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. त्यातलं काही यकृताखाली चिकटलेल्या पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतं आणि आटून घट्ट होतं. तुम्ही लग्नाच्या पंगतीत बसलात, येसरच्या आमटीवर तेलाचा तवंग आहे, वर बुंदी आहे. हे तेलकट जेवण पोटातून लहान आतड्यात उतरलं की आतड्याकडून पित्ताशयाला सांगावा जातो, पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात येतं. तिथं त्याचं काम धुण्याच्या साबणासारखं असतं. तेलकट पातेल्यात नुसतं पाणी ओतलं तर तेल वरच तरंगत राहतं. साबण लावला की त्याचे बारीक बारीक थेंब होतात. पित्त आतड्यात तेच करतं, आणि त्या बारीक थेंबांवर मग स्वादुपिंडाचा रस काम करू शकतो.

पित्त आंबट नसतं, कडू असतं. रंगानं पिवळट-हिरवं. हा रंग कुठून येतो ते मी वर्गात सांगितलं की पोरं "ईऽऽ" करतात आणि मग जन्मभर विसरत नाहीत. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्या लाल रंगद्रव्याचं बिलिरुबिन होतं, आणि ते यकृत पित्तातून बाहेर टाकतं. आतड्यातले जिवाणू त्यावर काम करतात आणि त्यातून जो तपकिरी रंग तयार होतो, तोच शौचाचा रंग. लघवीचा पिवळेपणाही त्याच घराण्यातला. म्हणजे रोज सकाळी आपण आपलंच जुनं रक्त बाहेर टाकत असतो. पित्ताची नळी खड्यानं तुंबली तर हा रंग आतड्यात पोचतच नाही. शौच पांढरट मातीसारखं होतं, आणि अडलेलं पिवळं रक्तात साठून डोळ्यांत उतरतं. कावीळ म्हणतात ती ही, निदान तिचा एक प्रकार.

खऱ्या पित्तावर ठपका ठेवावा अशी जागा म्हणजे हे खडे. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली मुरडून दुखतं, कधी कळ पाठीत किंवा खांद्याकडे जाते. ते दुखणं घेऊन मेडिकलच्या काउंटरवर उभं राहण्यात अर्थ नसतो. सोनोग्राफी करावी लागते.

आता काउंटरवरची माणसं. सगळ्यात मोठी रांग जळजळीची.

जळजळ करणारा पदार्थ पित्त नव्हे, आम्ल. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, शाळेच्या प्रयोगशाळेत कुलपात ठेवतो तेच. रिकाम्या पोटी त्याची तीव्रता लिंबाच्या रसाहून जास्त असते. जठराच्या भिंतीतल्या ज्या पेशी ते गाळतात, त्यांची ताकद थक्क करणारी आहे. रक्तातल्यापेक्षा दहा लाखांहून अधिक पट आम्लता त्या पंप मारून एका बाजूला साठवतात. या आम्लात अन्नातले बहुतेक जंतू मरतात आणि डाळीतली, मटणातली प्रथिनं सैल होऊन तुटायला लागतात.

हे माणसाला कळलं कसं, त्याची गोष्ट मोठी विचित्र आहे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जखम पूर्ण बुजली नाही. जठरात थेट उघडणारं एक भोक कायमचं राहिलं. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरांनी मग रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळानं बाहेर ओढून पाहिले. वर्षानुवर्षं हे चाललं. १८३३ मध्ये त्यांनी निरीक्षणं छापली. तो तरुण गरीब होता, डॉक्टरांच्या पगारावर होता. आजच्या कुठल्याही समितीनं या प्रयोगाला परवानगी दिली नसती. पण पोटात अन्न 'शिजतं' हा समज मोडायला त्याच्या पोटातलं भोक फार कामाला आलं.

एवढं जहाल आम्ल असून जठर स्वतः का पचून जात नाही? पोरांचा हा हमखास प्रश्न, आणि चांगला प्रश्न. जठराच्या आतून चिकट बुळबुळीत थर असतो, त्यात आम्ल मारणारा क्षार असतो. शिवाय वरच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि नव्या येतात. घराला सारखं सारवत राहावं तसं. अन्ननलिकेला असं जाड सारवण नाही. म्हणून तेच आम्ल चार बोटं वर चढलं की छातीत जाळ होतो. ते वर चढू नये म्हणून अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूंची एक गाठ असते. तुडुंब पोट, तेलकट जेवण, तंबाखू, सुटलेलं पोट, जेवल्या जेवल्या आडवं होणं, यांनी ती गाठ सैल पडते नाहीतर तिच्यावर दाब येतो.

आडवं होण्यावरून एक शब्द आठवतो, वामकुक्षी. त्याचा अर्थच डाव्या कुशीवर होणं. आपण दुपारच्या कुठल्याही डुलकीला वामकुक्षी म्हणून टाकतो, पण शब्दातला 'वाम' महत्त्वाचा आहे. जठराची मोठी पिशवी डावीकडे झुकलेली असते. डाव्या कुशीवर झोपलं की आम्ल त्या पिशवीच्या तळाशी साठतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर बरोबर उलटं. ज्यांना रात्री जळजळतं त्यांना डॉक्टरही आज डाव्या कुशीवर झोपायला सांगतात. अर्थात जेवणानंतर लगेच झोपण्यापेक्षा दोन-तीन तास न झोपणं केव्हाही बरं. म्हणजे वामकुक्षीतली 'वाम' घ्यायची, 'कुक्षी' जरा उशिरानं.

घरगुती उपायांपैकी खाण्याचा सोडा झटपट चालतो, कारण तो सरळ आम्लाशी भिडतो. मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तोच ढेकर होऊन बाहेर येतो. "ढेकर आला, मोकळं वाटलं" म्हणतात ते खरंच, पण ती ढेकर पोटात आधीपासून अडकलेली नव्हती, सोड्यानंच तयार केलेली होती. सोड्यातून सोडियमही जातं, तेव्हा बीपीवाल्यांनी याचा रोजचा रतीब लावू नये. थंड दूध प्यायलं की बरं वाटतं तेही खोटं नाही, मात्र ते तात्पुरतं. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळानं जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात.

आणि ठेचा? भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा, वर करडईचं नाहीतर शेंगाचं कच्चं तेल, हे आमच्याकडं जेवण असतं, चव घेण्याचा पदार्थ नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन खरं तर भाजत नाही, फसवतं. आपल्या नसांच्या टोकांवर उष्णता ओळखणारी दारं असतात, ती साधारण ४३ अंशांच्या पुढं उघडतात. (मे महिन्यात परभणीचा पारा जवळपास तिथंच असतो, हा योगायोग.) कॅप्सेसिन ते दार थंड जेवणातही उघडतं, आणि मेंदूला निरोप जातो की तोंड पोळलं. हे दार शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल विभागून मिळालं. तीच दारं आतड्याच्या शेवटच्या टोकालाही असतात, म्हणून ठेचा दोनदा लागतो. पक्ष्यांची दारं कॅप्सेसिनला उघडत नाहीत. पोपट मिरच्या का खातो, त्याचं उत्तर हे. तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. ठेच्यावर तेल घेणाऱ्या, शेजारी दह्याची वाटी ठेवणाऱ्या आज्यांना हे नोबेलच्या आधीच माहीत होतं.

पण तिखटानं पोटात जखम होते, अल्सर होतो, हे मात्र बरोबर नाही. असलेली जळजळ तिखटानं वाढू शकते. जखमेचे खरे गुन्हेगार दोन. पहिला, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. इतक्या आम्लात जंतू जगूच शकत नाही असं डॉक्टर मानत होते. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन सांगत होते, जगतो. कुणी ऐकेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचं पाणी स्वतःच प्यायलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज दिसली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणून आज अल्सरमध्ये हा जिवाणू सापडला तर अँटिबायोटिकचा कोर्स देतात आणि माणूस बरा होतो.

दुसरा गुन्हेगार याच काउंटरवरून विकला जातो. अंगदुखीची गोळी. ऊसतोडीवरून आलेली, दिवसभर कापूस वेचून कंबर धरलेली माणसं ती सकाळच्या चहाबरोबर रिकाम्या पोटी घेतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं शरीरातल्या ज्या रसायनाला अडवून दुखणं थांबवतात, तेच रसायन जठराचं सारवण राखत असतं. दुखणं जातं, सारवणही जातं. महिना दोन महिन्यांनी तोच माणूस पित्ताची गोळी मागायला येतो, आणि तो ठेच्याला दोष देत असतो. डांबरासारखं काळं शौच झालं तर आत रक्त गळतंय असं समजायचं. तिथं गोळी शोधत बसू नये.

दुसऱ्या रांगेतली माणसं खाजवत येतात. अंगावर लालसर फुगीर गांधी, इथं मावळल्या की तिथं उठतात. घरात आमसुलाचं पाणी लावून झालेलं असतं, गेरूही लावून झालेला असतो. हे पित्त रक्तातूनही आलेलं नसतं आणि पोटातूनही. त्वचेखाली काही पहारेकरी पेशी असतात. त्यांच्याजवळ हिस्टामिन नावाच्या रसायनाच्या पुड्या तयार असतात. कुणाला अंड्यानं, कुणाला शेंगदाण्यानं, कुणाला औषधानं, कुणाला काहीच कारण न कळता त्या पुड्या फुटतात. हिस्टामिननं बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, पाणी बाहेर येतं, तेवढ्या जागी गांध उठते. खाजही त्याचीच. एक गांध सहसा चोवीस तासांच्या आत विरते. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर मात्र आमसूल शोधण्यात एक मिनिटही घालवायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

खाजेची गोळी म्हणजे हिस्टामिनला अडवणारी गोळी. जुन्या प्रकारच्या गोळीनं झोप येते, कारण मेंदूत हेच हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं.

आता मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट. हिस्टामिन जठरातही असतं. आम्ल गाळणाऱ्या पेशींना "सोडा आता" हे सांगणाऱ्यांपैकी एक तेच. मग खाजेची गोळी खाल्ली तर ॲसिडिटी थांबायला हवी, पण थांबत नाही. स्कॉटलंडचे औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी यावरून हिशेब केला की कुलूप दोन प्रकारचं असणार. किल्ली एकच, हिस्टामिन, पण त्वचेतलं कुलूप वेगळं आणि जठरातलं वेगळं. जठरातलं कुलूप बुजवणारं औषध त्यांनी घडवलं, सिमेटिडीन. १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आलं, आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं. आपल्याकडची रॅनिटिडीन, फॅमोटिडीन त्याच जातीची. म्हणजे जळजळ आणि गांधी यांना एकच नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांचा नेम भलत्याच झाडावर होता, तरी फळ लागलं. दोन्हीकडं रसायन एकच निघालं. याचा अर्थ ॲसिडिटी वाढली म्हणून गांधी उठतात असा मात्र नव्हे. दोन गावं एकाच एसटीनं जोडलेली असतात, म्हणून एका गावच्या भांडणाचं खापर दुसऱ्यावर फोडता येत नाही.

हल्ली डॉक्टर बहुधा पँटोप्राझोल, ओमेप्राझोल देतात. ही निरोप अडवत नाहीत, थेट पंपच बंद करतात. पंप जेवणाच्या वेळी चालू होतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. जळजळल्यावर भरल्या पोटी घेऊन "गुण नाही आला" म्हणणारे रोज चार तरी भेटतात.

तिसरी रांग डोकं धरून येते. हिला आपल्याकडं फार नेमका शब्द आहे, अर्धशिशी. अर्धं डोकं. पण लोक म्हणतात, "पित्तानं डोकं चढलं. कडू पित्त पडलं तेव्हा कुठं उतरलं." इथं कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. अर्धशिशी मेंदूची आणि त्याच्या आवरणातल्या नसांची. झटका आला की जठराची हालचाल मंदावते, अन्न पुढं सरकत नाही, मळमळतं. दोन-चार उलट्यांनंतर जठर रिकामं होतं आणि मग लहान आतड्यातला ऐवज उलटा वर येतो. खरं पित्त तिथं असतं, म्हणून शेवटची उलटी कडू आणि हिरवट. पित्त शेवटी दिसतं, आणि शेवटी दिसलं तोच चोर ठरतो. पोट मंदावल्यामुळं गोळीही आतड्यात उशिरा पोचते, म्हणून अर्धशिशीची गोळी डोकं नुसतं चाळवायला लागलं तेव्हाच घ्यायची असते. ज्यांना हा त्रास आहे त्यांना उपवास, ऊन आणि जागरण ही तिन्ही एकत्र सहसा सोसत नाहीत. आणि आमच्याकडच्या लग्नसराईत तिन्ही एकत्रच येतात.

आयुर्वेदातला पित्त हा शब्द याहून खूप पसरट आहे. तो एका द्रवाचं नाव नसून उष्णता, पचन, रंग, राग अशा कितीतरी गोष्टींना कवेत घेणारी कल्पना आहे. बोलीतलं पित्त तिथून आलं. शाळेच्या पुस्तकांत यकृतातल्या रसालाही तोच शब्द आहे, त्यामुळं गोंधळ पक्का झाला.

काउंटरवर एक चौथी रांगही असते. ती रांगेसारखी दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी, पन्नाशीचे एक गृहस्थ आले. पित्ताची गोळी मागितली. मित्रानं नेहमीचा प्रश्न विचारला. "जळजळायलंय," ते म्हणाले, "सकाळपासून छातीवर दगड ठेवल्यावानी वाटायलंय. गॅस धरला असंल." उन्हानं सगळेच घामाघूम होते, पण त्यांचा घाम गार होता. मित्रानं विचारलं, हात दुखायलाय का? ते म्हणाले, जबडा दुखायलाय.

हृदय आणि अन्ननलिका यांच्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच ठिकाणी शिरतात. हाक कुणाची, हे मेंदूला नीट कळत नाही. त्यामुळं हृदयविकाराचा झटका कित्येकदा जळजळीसारखा किंवा गॅससारखा वाटतो, आणि शुगर असलेल्यांत तर दुखणं आणखीच पुसट होतं. छाती भरून येणं, घाम, जबडा किंवा हाताकडं जाणारी कळ, श्वास लागणं, यातलं काही जळजळीच्या जोडीला असलं तर आधी ईसीजी, मग गोळी.

मित्रानं त्यांना गोळी दिली नाही. त्यावर ते चिडले. दुकानातल्या पोरानं त्यांना स्कूटरवर बसवून जवळच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवल्याचं कळलं.

आठ-दहा दिवसांनी त्यांचा मुलगा चिठ्ठी घेऊन दुकानात आला. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन, तिच्या जोडीला आणखी एक तशीच, कोलेस्टेरॉलची, बीपीची. मित्र एकेक पट्टी काढून काउंटरवर ठेवत होता. शेवटची पट्टी पाहून मुलगा म्हणाला, "ही तर पित्ताची हाय. डॉक्टर तर म्हणले, पित्त नव्हतंच."

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. "सर, तुम्ही सांगा याला." मी स्टूल पुढं ओढलं आणि सारवणापासून सुरुवात केली. ॲस्पिरिनही त्या अंगदुखीच्या गोळ्यांच्याच घराण्यातली.